तीन प्रती, शून्य चिंता

(पोलंडच्या पूर्व टोकाला, जंगलाच्या कडेचं प्राणी-अभ्यास केंद्र. एके काळी घोड्यांचा तबेला असलेली खोली. जूनमधली मंगळवारची सकाळ. सेवेरिन इथला संगणकतज्ज्ञ, बोगुमिला जंगलातल्या कॅमेऱ्यांची कार्डं आणणारी, डॉक्टर लुद्‌विका केंद्रप्रमुख.)

बोगुमिला : ...मग तिसरं चालू आहे म्हणतोस, तर ते फोटो देत का नाही?

सेवेरिन : कारण ते एकटं पडलंय, बोगुमिलाबाई.

बोगुमिला : एकटी मीही पडलेय. नऊ वर्षं झाली. म्हणून मी बोलायची थांबले का?

सेवेरिन : तुम्ही नाही थांबलात, हे सगळं केंद्र सांगेल. पण या यंत्रांचा नियम वेगळा आहे. तीन यंत्रं, तिघांचं मिळून एक भांडार. कुठलीही गोष्ट खरी मानायची तर निदान दोघांनी ‘हो’ म्हणायला हवं. एक बंद पडलं तर उरलेली दोघं कारभार बघतात. दोन बंद पडली की तिसरं तोंडाला कुलूप लावून बसतं. न जाणो, त्याच्याकडचं जुनं असलं तर?

बोगुमिला : हा नियम केला कोणी?

सेवेरिन : शहाण्या माणसांनी.

बोगुमिला : आणि इथं आणला कोणी?

सेवेरिन : उंटावरच्या शहाण्यानं. मी.

बोगुमिला : बरं. पहिल्याला काय धाड भरली?

सेवेरिन : मार्टेन शिरलं छपरातून, ते मुंगसासारखं जनावर. मागची केबल कुरतडली. यंत्राला वीज पुरवणारा डबा जळाला, आणि जाता जाता चारही डिस्क सोबत घेऊन गेला.

बोगुमिला : मार्टेनही गेलं?

सेवेरिन : छे. मजेत असणार. दाराजवळच्या कॅमेऱ्यात त्याचा फोटोसुद्धा निघालाय. फक्त तो फोटो याच भांडारात आहे.

बोगुमिला : हसू नकोस. दुसरं?

सेवेरिन : ते त्याच प्लगपट्टीवर होतं. तिन्ही एकाच पट्टीवर होती. पट्टी उडाली, वीज झटक्यात गेली. दुसऱ्यातल्या झटपट डिस्क मी घरगुती वापराच्या घेतल्या होत्या. वीज गेली की हातात धरलेलं विसरतात त्या. आता उठून बसल्यात, पण कुठं काय ठेवलं होतं ते त्यांना आठवत नाही.

बोगुमिला : अशा घेतल्यासच कशाला?

सेवेरिन : पेटी छान होती. खरंच सांगतो. बारा डिस्कची एक पेटी, सगळ्या एकाच दिवशी, एकाच कारखान्यातून निघालेल्या. मला वाटलं, सारख्या आहेत, शोभून दिसतील.

बोगुमिला : लग्नाचं रुखवत मांडायचं होतं का?

सेवेरिन : बोला. आज तुमचा दिवस आहे.

बोगुमिला : माझा दिवस परवा आहे, गुरुवारी. पंचायतीत. तीन वर्षं लागोपाठ लिंक्सनं, त्या मोठ्या रानमांजरीनं, त्याच ओंडक्याखाली पिल्लं घातली हे दाखवलं तर नवा रस्ता वळवतील, नाहीतर सरळ तिच्या घरावरून नेतील. आणि तू मला रुसलेल्या यंत्राच्या गोष्टी सांगतोयस. मेमधला फोटो मी आणला होता, सेवेरिन. ओंडक्याजवळच्या ओढ्यावर आडव्या पडलेल्या झाडावरून मादी चाललीय, तोंडात पिल्लू. गुडघाभर चिखलातून आणलेलं कार्ड तुझ्या हातात ठेवलं होतं.

सेवेरिन : ठाऊक आहे.

बोगुमिला : आणि कार्ड उतरवलं की लगेच पुसायचं, हा नियम कुणाचा? भिंतीवर चिकटवलाय बघ, फुलांची नक्षी काढून.

सेवेरिन : नक्षी छापखान्यानं काढली. नियम माझा.

बोगुमिला : डॉक्टर आल्या. आता त्यांना सांग रुखवताचं.

लुद्‌विका : काय सांगायचंय? मला तो फोटो आज दुपारपर्यंत हवाय. अहवालात बसवायचा राहिलाय.

सेवेरिन : डॉक्टर, तुमच्या लॅपटॉपवर एखादी प्रत...

लुद्‌विका : नाही. लॅपटॉपवर प्रती ठेवू नका, गोंधळ होतो, असं तुम्हीच सगळ्यांना पत्र पाठवलं होतं. मी पाळलं ते.

सेवेरिन : माझं पत्र पाळणाऱ्या तुम्ही एकट्याच निघालात, हे दुर्दैव.

लुद्‌विका : किती वाचलंय? टक्क्यांत सांगा.

सेवेरिन : एक मार्ग आहे. तिसऱ्या यंत्राला सांगायचं की तुझे दोन्ही भाऊ वारले. कागदोपत्री. मग ते स्वतःलाच बहुमत मानतं आणि दार उघडतं. पण एकदा तसं सांगितलं की मागे फिरता येत नाही. तिसऱ्याकडे जे आहे तेच खरं ठरतं. त्याच्याकडे नाही ते कधी नव्हतंच.

लुद्‌विका : त्याच्याकडे काय नसेल?

बोगुमिला : सांग ना, सेवेरिन. गाडीत चढवताना मीच हात लावला होता त्याला.

लुद्‌विका : कुठल्या गाडीत?

सेवेरिन : क्राकुवच्या परिषदेला नेलं होतं मी तिसरं यंत्र. मेच्या सुरुवातीला. माझं भाषण होतं. ‘तीन प्रती, शून्य चिंता’. भर सभेत एक यंत्र काढून दाखवायचं होतं, की बघा, एक काढलं तरी काही बिघडत नाही.

लुद्‌विका : मग?

सेवेरिन : टाळ्या पडल्या.

लुद्‌विका : ते परत कधी आलं, हे विचारतेय मी.

सेवेरिन : पाच आठवड्यांनी. माझ्या भावाच्या घरी राहिलं होतं. गेल्या शुक्रवारी लावलं. मधल्या पाच आठवड्यांचं तेवढं बाकीच्या दोघांकडून त्यात उतरत होतं. रविवारी पट्टी उडाली तेव्हा साठ टक्के झालं होतं.

लुद्‌विका : तीन दिवसांत फक्त साठ?

सेवेरिन : वेग मीच कमी ठेवला होता. दुसरी कामं अडू नयेत म्हणून.

बोगुमिला : कसली कामं?

सेवेरिन : माझ्या भाषणाची चित्रफीत उतरवून घेत होतो.

बोगुमिला : अरे देवा.

सेवेरिन : मीही तेच म्हणालो. सोमवारी सकाळी. बराच वेळ.

लुद्‌विका : दुसऱ्या यंत्राच्या डिस्क कुणाला दुरुस्त करता येतील?

सेवेरिन : वॉर्सात एक प्रयोगशाळा आहे. दोन महिने लागतील म्हणतात. हमी देत नाहीत.

लुद्‌विका : गुरुवारला दोन दिवस आहेत. दुसऱ्याच्या डिस्क काढून बाजूला ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. आणि तिसऱ्याला सांगा ते सांगायचं.

सेवेरिन : डॉक्टर, आधी तिसऱ्याच्या सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढतो. सहा तास लागतील. मग त्याला भाऊ वारल्याचं कळवतो. काही उलटं झालं तर निदान...

लुद्‌विका : हे शहाणपण कधी आलं?

सेवेरिन : सोमवारी. बराच वेळ होता ना.

*

बोगुमिला : काय म्हणतंय?

सेवेरिन : उघडलं. गेल्या वर्षीची पिल्लं आहेत. त्याआधीच्या वर्षीचीही आहेत, सगळी. हे बघा, ओंडका, मादी, तीन पिल्लं.

लुद्‌विका : आणि यंदाचं?

सेवेरिन : एकोणीस मेपर्यंतचं आहे. गवत आहे. वाऱ्यानं हलणारं गवत. हजारो फोटो गवताचे, एकही हरवलेला नाही.

लुद्‌विका : वीस मे?

सेवेरिन : नाव आहे. आत काही नाही. यादीत फोटोचं नाव आहे डॉक्टर, तारीख आहे, वेळ आहे, सकाळी पाच वाजून बारा मिनिटं. फोटो नाही.

बोगुमिला : चहा पी.

सेवेरिन : तीन वर्षांची अट, आणि दोन वर्षांचा पुरावा. रस्ता सरळ गेला की पाटीवर माझं नाव लावायला सांगा.

लुद्‌विका : गुरुवारी तुम्ही येताय माझ्याबरोबर. काय घडलं ते तुम्हीच सांगायचं.

सेवेरिन : मी? माझं बोलणं ऐकून लोक टाळ्या वाजवतात हो. सवय वाईट आहे.

*

बोगुमिला : गाडीत बस. दार नीट ओढ, ते लागत नाही. डॉक्टर कुठं आहेत?

सेवेरिन : आत सह्या करतायत. तुम्ही आत का नाही आलात?

बोगुमिला : सरपंच माझा दीर. मी आत असते तर तो मला बघून बोलला असता. आणि खरं सांगू? माझी आई पलीकडच्या गावात राहते. रस्ता सरळ झाला तर तीसचे अकरा किलोमीटर होतात. मी कुणाच्या बाजूनं तोंड उघडायचं? म्हणून गाडीत बसले. बोल, काय झालं?

सेवेरिन : दोन वर्षांचे फोटो दाखवले. सगळ्यांनी बघितले, बायका ‘अगं बाई’ म्हणाल्या. मग तुमचे दीर म्हणाले, तिसऱ्या वर्षाचा? डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

बोगुमिला : आणि तू?

सेवेरिन : उभा राहिलो. म्हटलं, फोटो होता, मी हरवला. दीर म्हणाले, तुम्ही कोण? म्हटलं, संगणकतज्ज्ञ. मागून कुणीतरी म्हणालं, अहो, माझी सात वर्षांची नात फोनमध्ये कुत्र्याचे चारशे फोटो सांभाळते. सगळी सभा हसली.

बोगुमिला : तू हसलास?

सेवेरिन : मी सगळ्यात आधी हसलो. सवय. मग मार्टेनची हकिगत सांगितली, एकाच प्लगपट्टीची सांगितली, क्राकुवचं भाषणही सांगितलं. नावासकट. बोगुमिलाबाई, क्राकुवला टाळ्या पडल्या त्याहून जास्त पडल्या.

बोगुमिला : मग दीर काय म्हणाला?

सेवेरिन : ते हसले नाहीत. म्हणाले, जो फोटो कुणी बघू शकत नाही त्यात लिंक्सच होती, हे आम्ही का मानावं? आणि मग, कसं कुणास ठाऊक, मस्करी सुचायचीच बंद झाली. म्हटलं, साहेब, खोटं बोलायचं असतं तर स्वतःला शहाणं ठरवणारं काहीतरी बोललो असतो. हे असलं खोटं कोण बोलतं?

बोगुमिला : हे बरं बोललास.

सेवेरिन : बरं बोललो, पण मग पाणी मागावं लागलं. सरपंचांनीच दिलं.

बोगुमिला : निकाल?

सेवेरिन : एक वर्ष थांबणार. पुढच्या मेमध्ये ती त्याच ओंडक्याखाली दिसली तर रस्ता वळेल. नाही दिसली तर सरळ. आणि फोटो कागदावर छापून आणायचा म्हणाले. संगणकावर नको.

बोगुमिला : दीर लहानपणापासून हुशार आहे. घे, पाव आहे, खारवलेली काकडी आहे. सकाळपासून काही खाल्लं नसशील.

*

लुद्‌विका : नोव्हेंबर संपत आला. नवीन यंत्रांचा प्रस्ताव?

सेवेरिन : हा. अठरा पानं आहेत.

लुद्‌विका : मी वाचणार नाही. बोगुमिलाबाई वाचतील. त्यांना जे कळणार नाही ते आपण घेणार नाही.

बोगुमिला : मला? चष्मा आणते.

सेवेरिन : डॉक्टर, हा अन्याय आहे.

लुद्‌विका : तुमच्यावर की त्यांच्यावर?

बोगुमिला : पहिल्याच पानावर ‘सात यंत्रांचं जाळं’ आहे. तीन सांभाळता आली नाहीत, तर आता सात?

सेवेरिन : सातात चार जिवंत राहिली तरी...

बोगुमिला : सेवेरिन.

सेवेरिन : बरोबर. फाडा. ते पान फाडा. खरं सांगायचं तर ती पद्धत वाईट नाही. पन्नास यंत्रं असतील, दहा माणसं राबत असतील, तिथं तीच लागते. इथं मी एकटा, आणि आठवड्यातून दोन दिवस मला सर्दी असते. आपल्याकडे आहे काय? एका मोठ्या कपाटात मावेल एवढे फोटो. मी कपाटासाठी राजवाडा बांधला, कारण राजवाड्यावर भाषण देता येतं. कपाटावर कोण बोलावतं?

लुद्‌विका : मग काय घ्यायचं? साध्या भाषेत.

सेवेरिन : साधी, जाड, कंटाळवाणी यंत्रं. तीन. पण जाळं नाही. प्रत्येकाकडे सगळं. प्रत्येक आपलं आपण उभं, दुसऱ्याला न विचारता उत्तर देणारं. इथलं मुख्य. दर दिवशी ते आपलं सगळं नवं दुसऱ्या दोघांना पाठवतं.

बोगुमिला : हेही तीनच की.

सेवेरिन : तीनच. पण ती एका खोलीत राहणार नाहीत. दुसरं गावच्या अग्निशमन दलाच्या इमारतीत. त्यांच्याकडे जनरेटर आहे, आणि आग लागली तर निदान लवकर कळेल. तिसरं बियाविस्तोकला विद्यापीठात.

बोगुमिला : अग्निशमनवाले ठेवून घेतील?

सेवेरिन : विचारून आलो. प्रमुख म्हणाला, गुणगुणतं का? म्हटलं हो. म्हणाला, मग बिअरच्या फ्रिजशेजारी ठेव, दोघं गप्पा मारतील.

बोगुमिला : पुढं. ‘चुका पकडणारी मेमरी’. ही म्हणजे काय?

सेवेरिन : साधी मेमरी कधीमधी एखादा आकडा चुकीचा ऐकते आणि तसाच पुढं सांगते. ही चूक ऐकली की थांबवते आणि सुधारते.

बोगुमिला : घे. दोन घे. एक आमच्या मावशीला.

लुद्‌विका : डिस्क?

सेवेरिन : फिरणाऱ्या, मोठ्या, मंद. फोटोंना घाई नसते. दोन वेगवेगळ्या कारखान्यांच्या, आणि एकाच महिन्यात घ्यायच्या नाहीत. एकाच वयाच्या असल्या की एकाच वयात मरतात. पेटीकडे तर मी बघणारच नाही. प्रत्येक यंत्राला विजेचे दोन पुरवठे, मोठी बॅटरी. आणि तारा लोखंडी नळीतून.

बोगुमिला : मार्टेनसाठी.

सेवेरिन : मार्टेनच्या तब्येतीसाठी.

बोगुमिला : आणि हे शेवटचं, ‘फाइल सिस्टीम’. डॉक्टर, हे मला नाही कळलं. खोडा.

सेवेरिन : खोडू नका! सगळं खोडा, हे नको. ऐका. डिस्क म्हणजे नुसती कोरी जमीन. कुठं काय ठेवायचं, परत कसं शोधायचं, हे ठरवणारी शिस्त म्हणजे फाइल सिस्टीम. जुन्या शिस्तीत ठेवलं ते ठेवलं, मग आत कुजलं तरी कुणी बघत नाही. ही जी मी लिहिलीय ती प्रत्येक फोटोला ठेवतानाच एक खूण करून ठेवते. महिन्यातून एकदा आपणहून सगळे फोटो काढून खुणेशी ताडून बघते. एखादा बिघडलेला सापडला, तर शेजारच्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते. आणि मला पत्र पाठवते.

बोगुमिला : म्हणजे मी जशी तळघरातल्या बरण्या फिरवून फिरवून बघते.

सेवेरिन : तुम्ही पत्र पाठवत नाही एवढंच.

लुद्‌विका : ते पत्र तुम्ही वाचाल?

सेवेरिन : ...तुम्हा दोघींनाही पाठवायला सांगतो.

लुद्‌विका : आणि वर्षातून दोनदा मी एक तारीख सांगेन. त्या दिवसाचा फोटो बियाविस्तोकहून परत आणून दाखवायचा. इथल्याकडे न बघता.

सेवेरिन : हे मला सुचायला हवं होतं.

लुद्‌विका : तेव्हा तुम्ही भाषणाची चित्रं काढत होतात. सही कुठं करू?

सेवेरिन : इथं. डॉक्टर, वॉर्साहून दुसऱ्या यंत्राच्या डिस्क परत आल्या. अकरा हजार फोटो वाचले.

लुद्‌विका : त्यात?

सेवेरिन : गवत. आणि एकात कॅमेरा बांधताना बोगुमिलाबाई, पाठमोऱ्या, वाकलेल्या.

बोगुमिला : तो पूस.

सेवेरिन : इथं आता काही पुसत नाहीत, बाई. नवा नियम. भिंतीवर लावायचा राहिलाय.

*

बोगुमिला : हे घे. ओंडक्यावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड, आणि ही ओढ्यापलीकडच्या दोन कॅमेऱ्यांची. तेवीस मे. पाय ओले झालेत, बूट काढते. लाव लवकर, बघू दे.

सेवेरिन : बघायचं नाही अजून. आधी उतरवतो.

बोगुमिला : एक फोटो तरी!

सेवेरिन : एकही नाही. आधी इथं. मग अग्निशमन. मग बियाविस्तोक. चहा ठेवा तोवर.

बोगुमिला : गेल्या वर्षी हाच माणूस कार्ड लावायच्या आधी टाळ्या मागायचा.

सेवेरिन : गेल्या वर्षी माझ्याकडे राजवाडा होता. ...इथलं झालं. अग्निशमनाला चाललंय. बाई, मला भीती वाटतेय.

बोगुमिला : कशाची? यंत्र चालतंय ना?

सेवेरिन : यंत्राची नाही. ती आलीच नसेल तर? गेल्या वर्षी पुरावा होता आणि मी घालवला. यंदा तीन जागी जपलेलं रिकामं गवत निघालं, तर मी कुणावर हसू?

बोगुमिला : चहा पी.

सेवेरिन : ...पोचलं. तिन्हीकडे. डॉक्टरांना हाक मारा.

लुद्‌विका : आलेच. ओंडका आधी.

सेवेरिन : गवत. गवत. कोल्हा. गवत. रस्त्याचे मोजणीवाले, खांबाला लाल फडकं बांधतायत. गवत. गवत. ...संपलं.

लुद्‌विका : संपलं?

सेवेरिन : एकवीस दिवस. ओंडक्याखाली कुणी नाही.

बोगुमिला : ओढ्यापलीकडचं लाव. उत्तरेचा कॅमेरा. मी तो उगाच बांधला होता, हात रिकामा होता म्हणून.

सेवेरिन : गवत. हरीण. गवत... थांबा.

लुद्‌विका : मागं घ्या.

बोगुमिला : तीच. डावा कान फाटलेला. तीच आहे ती.

लुद्‌विका : पिल्लं किती?

सेवेरिन : दोन. मुळांच्या खाली दोन. डॉक्टर, ही जागा रस्त्यापासून किती लांब?

लुद्‌विका : अडीच किलोमीटर. रस्ता सरळ गेला तरी हिच्या आड येत नाही.

बोगुमिला : म्हणजे आपण वर्षभर रस्ता अडवला, आणि लिंक्सबाईंनी घर बदललं.

सेवेरिन : कळवलं नाही कुणाला. पत्र पाठवत नाही तीही.

लुद्‌विका : मोजणीवाल्यांनी हाकललं तिला की आपणहून गेली, हे यावरून सांगता येत नाही, आणि परत येईल का तेही नाही.

सेवेरिन : नाही येत. ओंडक्याचे फोटो द्यायचे, तर रस्ता सरळ जाणार. आणि आपल्याकडे ते तीन जागी आहेत, खुणेसकट, एकही बिघडलेला नाही. गंमत बघा, यंदा हरवले असते तर आणखी एक वर्ष मिळालं असतं.

बोगुमिला : तसं मनात आलं तुझ्या?

सेवेरिन : आलं. घटकाभर.

लुद्‌विका : माझ्याही.

बोगुमिला : माझ्या नाही आलं. पण आईकडे जायला मला सरळ रस्ता सोयीचा, तेव्हा माझं धरू नका.

सेवेरिन : मग पंचायतीला काय लिहू, डॉक्टर?

लुद्‌विका : दिसतंय ते लिहा. दोन्हीकडचं. आणि कागदावर छापा.